भावफलक वेगवान हवा आणि बॅटरीही पुरायला हवी: पी-टेन पॅनेलच्या ड्रायव्हरबद्दल

फैजपूरहून अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी त्याने लाल पी-टेन पॅनेलांचा (ठिपक्यांत दहा मिलिमीटर अंतर असलेली एलईडी पॅनेलं) भावफलक केलाय. चार पॅनेलं आडवी, दोन उभी, एकूण आठ, सगळी एकाच साखळीत. कंट्रोलर अर्डुइनो उनो, त्यातून शिफ्टआउट या तयार फंक्शनने पॅनेलांत डेटा ढकलतो. १२ व्होल्ट २६ एएचची बॅटरी, तिच्यावर इन्व्हर्टर, पुढे ५ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. तक्रारी तीन: बोर्ड लुकलुकतो, मोबाईलने फोटो काढला की काळे पट्टे येतात, आणि बॅटरी चार-पाच तासांत बसते. प्रश्न असा की ड्रायव्हर (एलईडी पेटवणारं सर्किट आणि प्रोग्रॅम) वेगवान करू की कमी वीज खाणारा करू, दोन्ही एकदम जमतं का? आणि टीव्ही-मोबाईलच्या पॅनेलचे ड्रायव्हर असेच असतात का?

जमतं. या बोर्डात तर दोन्ही कामं एकमेकांना मदत करतात. पण आधी वेळ कुठे वाया जातोय आणि वीज कुठे वाया जातेय, ते कागदावर मांड. मी जळगावात बावीस वर्षं हेच बोर्ड करतोय, आणि अजूनही नवीन बोर्ड हातात आला की आधी मीटर लावतो, मग सोल्डरिंग गन तापवतो.

वीज आधी घेऊ. पी-टेनच्या एका पॅनेलवर ३२ गुणिले १६ म्हणजे ५१२ एलईडी. स्कॅन एक-चतुर्थांश, म्हणजे एका वेळी फक्त १२८ एलईडी पेटतात आणि चार गट आळीपाळीने फिरतात. गट निवडायला १३८ नंबरचा डीकोडर आणि स्विच म्हणून ४९५३ हे पी-चॅनेल मॉसफेट, खालच्या बाजूला १६ नग ७४एचसी५९५, म्हणजे डेटा सरकवत नेणाऱ्या शिफ्ट रजिस्टर चिपा (पुढे नुसतं ५९५). माझ्याकडे येणारी पॅनेलं पूर्ण पेटवली की ५ व्होल्टवर ३.२ अँपिअरच्या आसपास घेतात. म्हणजे १६ वॅट. ३.२ भागिले १२८, एका एलईडीतून पेटलेला असताना २५ मिलिअँपिअर. इथवर ठीक.

आता लाल एलईडीला लागतात साधारण २ व्होल्ट. उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर आणि चिपच्या आतल्या ट्रान्झिस्टरवर पडतात आणि उष्णता होऊन जातात. १६ पैकी ६.४ वॅट एलईडीला, ९.६ वॅट पेटी तापवायला. शंभरातले साठ! आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, तिथे हा हीटर आत लावून आपण पुन्हा एक्झॉस्ट फॅन बसवतो आणि त्यालाही वीज देतो.

म्हणून पहिली सूचना: इन्व्हर्टर काढून टाक. बारा व्होल्टचे दोनशे तीस करायचे, मग पुन्हा पाच करायचे, हा उलटसुलट प्रवास कशासाठी? दोन्ही टप्पे मिळून तीसेक टक्के वीज खातात, शिवाय इन्व्हर्टर रिकामा चालतानाही काही वॅट घेतोच. बॅटरीवरून थेट बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लाव, २० अँपिअरचा, व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा. आणि तो ५ वर नको, ४ व्होल्टवर ठेव.

चार व्होल्टवर काय होतं ते बघ. एलईडीचे २ वजा जाता रेझिस्टरला ३ ऐवजी २ उरले. करंट दोन-तृतीयांश झाला, ३.२ चा २.१३. पॅनेल घेतं ८.५ वॅट. उजेड एक-तृतीयांशाने उतरला, वीज मात्र जवळपास निम्मी झाली. डोळ्याला एवढा फरक दोन बोर्ड शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. हाच उजेड तू ५ व्होल्टवर ठेवून ओई पिनच्या (आउटपुट चालू-बंद करणारी पिन) पीडब्ल्यूएमने, म्हणजे झटपट चालू-बंद करून, कमी केला असतास, तर १०.७ वॅट गेले असते. पीडब्ल्यूएमने वेळ कापली जाते, रेझिस्टरवरचे तीन व्होल्ट तसेच राहतात. कायमचा उजेड कमी करायचा असेल तर व्होल्टेज उतरवावं. दिवस-रात्रीचा फरक करायचा असेल तर पीडब्ल्यूएम. उजेड ओळखणारा एलडीआर लावून रात्री ओई दहा-पंधरा टक्क्यांवर आण. नाहीतर संध्याकाळी सातनंतर तो बोर्ड डोळ्यांत खुपतो आणि भाव कुणालाच वाचता येत नाही.

भावफलकावर एका वेळी पाचवा हिस्सा ठिपके पेटलेले असतात असं धर. आधी आठ पॅनेल गुणिले १६ गुणिले ०.२, म्हणजे २५.६ वॅट, त्यावर इन्व्हर्टर-एसएमपीएसचा तोटा धरून ३६-३७. बॅटरीत ३१२ वॅटतास आहेत, लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये म्हणून वापरायचे १५६. चार तास आणि थोडं वर. बरोबर तुझी तक्रार. आता ४ व्होल्टवर १३.६ वॅट, बकचा दहा टक्के तोटा धरून १५. दहा तास.

चार व्होल्टचा एक जास्तीचा फायदा पुढे उपयोगी पडेल. ७४एचसी जातीच्या चिपला ‘हाय’ कळायला सप्लायच्या सत्तर टक्के व्होल्टेज लागतं. सप्लाय ५ असेल तर ३.५. त्यामुळे ३.३ व्होल्टवर चालणारा कंट्रोलर लावला की कधी चालतं, कधी नाही, आणि मुलं दोन-दोन दिवस प्रोग्रॅम तपासत बसतात. ४ व्होल्टवर ती मर्यादा २.८ होते, ३.३ चा सिग्नल आरामात पोचतो.

पण एक पथ्य आहे. आता रेझिस्टरसाठी दोनच व्होल्ट राखलेत, त्यामुळे वायरीतला तोटा आधीपेक्षा जास्त दिसतो. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला १८ मिलिओहम. तीन मीटर जाऊन-येऊन सहा मीटर, ४ अँपिअर, झाले ०.४ व्होल्ट. पाचवर हा तोटा करंट तेरा टक्के घटवत होता, चारवर वीस टक्के घटवेल. शेवटचं पॅनेल फिकं दिसेल. बक पेटीच्या मधोमध बसव, दोन्ही बाजूंना २.५ ची वायर, प्रत्येक पॅनेलला वेगळी जोड. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळ करू नकोस.

आता मराठी बोर्डाचं एक खास दुखणं, जे इंग्रजी अक्षरांच्या बोर्डांत सहसा दिसत नाही. शिरोरेषा! इंग्रजीत एका आडव्या ओळीत सगळे ठिपके क्वचितच पेटतात. आपल्याकडे अक्षराच्या डोक्यावर सलग रेघ. ‘केळी भाव क्विंटल’ लिहिलंस की दोन ओळींच्या शिरोरेषा मिळून २५६ एलईडी एकाच गटात पेटतात. २५ मिलिअँपिअरने ६.४ अँपिअरचा धक्का, चारपैकी एकाच गटाला. त्या क्षणी सप्लाय खचतो आणि शिरोरेषाच अक्षरांपेक्षा फिकी दिसते. डोळ्याला वाटतं अक्षरं वरून तुटलीत. शिवाय त्या ओळीत एका ५९५ चे आठही आउटपुट एकदम पेटतात, म्हणजे २०० मिलिअँपिअर, आणि डेटाशीटमध्ये त्या चिपच्या ग्राउंडची मर्यादा लिहिलीये ७०. ही पॅनेलं मुळातच डेटाशीटला न विचारता बनवलेली असतात. स्वस्तात मिळतात ती अशी.

यावर दोन उपाय. शिरोरेषा दोन ठिपके जाड काढ, म्हणजे ती दोन गटांत विभागली जाईल आणि गटागटातली दरी कमी होईल. आणि प्रत्येक पॅनेलच्या सप्लाय टर्मिनलवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १०५ अंश तापमान सोसणारा. आठ पॅनेलांचे मिळून ८००० झाले. रिफ्रेश, म्हणजे चारही गटांची पूर्ण फेरी, १००० हर्ट्झ (सेकंदाला हजार वेळा) असेल तर एक गट २५० मायक्रोसेकंद पेटतो. ६.४ अँपिअर तेवढा वेळ कपॅसिटरमधून काढले तर व्होल्टेज ०.२ ने खचतं. रिफ्रेश ४००० केला तर ०.०५. वेग वाढवला तर वीजपुरवठाही सुधारतो, तो असा.

तर वेगाकडे येऊ. उनोवर शिफ्टआउटने एक बाइट ढकलायला शंभरेक मायक्रोसेकंद लागतात. आठ पॅनेलांच्या एका गटाचे १०२४ बिट, म्हणजे १२८ बाइट, म्हणजे १२.८ मिलिसेकंद. चार गटांना ५१. सेकंदाला जेमतेम १९-२० फेऱ्या. लुकलुकणारच. त्याच उनोत बिटं स्वतः ढकलणारं एसपीआय नावाचं हार्डवेअर आहे. ४ मेगाहर्ट्झवर चालवलं तर एक गट २५६ मायक्रोसेकंदांत जातो, सगळी फेरी सुमारे एका मिलिसेकंदात. बाइटमागे थोडा वेळ प्रोग्रॅम खातो, तरी सहाशे-सातशे हर्ट्झ पदरात पडतात. डोळ्यापुरती तक्रार संपली, एक पैसाही खर्च नाही.

मोबाईलचे पट्टे राहतील. भर उन्हात मोबाईलचं शटर सेकंदाच्या हजाराव्या किंवा त्याहून लहान भागापुरतं उघडतं, आणि ओळ-ओळ करत चित्र घेतं. तेवढ्यात तुझी एकही फेरी पुरी होत नसेल तर जो गट विझलेला सापडला तो काळा. आजकाल व्यापारी बोर्डाचा फोटो काढून शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकतो, त्यामुळे डोळ्यापेक्षा कॅमेऱ्याचं समाधान महत्त्वाचं झालंय. मोठ्या एलईडी भिंतींच्या जाहिरातीत ३८४० हर्ट्झ हा आकडा दिसतो, तो याच कारणाने.

इथे बहुतेक जण क्लॉक (एकेक बिट पुढे सरकवणारा ठोका) वाढवायला धावतात. मी म्हणतो, साखळी तोड. आठ पॅनेलं एकामागे एक जोडण्याऐवजी दोन-दोनच्या चार साखळ्या कर. क्लॉक, लॅच (भरलेला डेटा आउटपुटवर आणणारी पिन), ओई, ए-बी (गट निवडणाऱ्या पिना) सगळ्यांना समाईक, डेटाच्या तारा मात्र चार. आता एका गटाला १०२४ ऐवजी २५६ क्लॉक लागतात. ८ मेगाहर्ट्झवर ३२ मायक्रोसेकंद. पूर्ण फेरी १२८ मायक्रोसेकंदांत, म्हणजे ७८०० हर्ट्झपर्यंत जाता येतं. हे उनोच्या आवाक्याबाहेरचं आहे. रास्पबेरी पाय पिको हा कंट्रोलर घे. त्यातलं पीआयओ (पिना हलवणारं वेगळं हार्डवेअर) चार डेटा तारा आणि क्लॉक एकत्र हलवतं, डीएमए मेमरीतून त्याला माल पुरवत राहतो, आणि मुख्य प्रोसेसर मोकळा राहतो. एसटीएम-३२ या कंट्रोलरवरही टायमर आणि डीएमएने हेच करता येतं.

७८०० जमतंय म्हणून तेवढं चालवू नकोस. ५९५ ही सीमॉस चिप, दर क्लॉकला तिच्या आतला कपॅसिटन्स भरायचा आणि रिकामा करायचा. वीज म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रीक्वेन्सी. चिपमागे शंभरेक पिकोफॅरड धर, ५ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झ अखंड: २० मिलिवॅट. क्षुल्लक वाटतं. पण चिपा १२८ आहेत! अडीच वॅट झाले, नुसता डेटा ढकलायला. १५ वॅटच्या बोर्डात अडीच म्हणजे थोडे नाहीत. ४ व्होल्ट आणि २००० हर्ट्झ रिफ्रेश ठेवलास, तर गटाला १२५ मायक्रोसेकंद मिळतात, त्यातले ३२ ढकलण्यात जातात, बाकी वेळ क्लॉक गप्प. खर्च ०.४ वॅट. भरभर ढकल आणि थांब. फोटोत पट्टे दिसलेच तर ३००० कर, त्यापुढे माझ्या अनुभवात गरज पडत नाही.

आणि ढकलताना बोर्ड विझवायचा नाही. ५९५ दुमजली चिप आहे: खाली शिफ्ट रजिस्टर, वर लॅच. वरच्या मजल्यावर चालू गट पेटलेला असताना खालच्या मजल्यात पुढच्या गटाचा डेटा भरता येतो. नवशिक्यांचे पुष्कळ प्रोग्रॅम ओई बंद करून डेटा भरतात, मग चालू करतात. अर्धा उजेड तिथेच जातो आणि तो भरून काढायला माणूस व्होल्टेज चढवतो.

ओई बंद करायची ती फक्त गट बदलताना, आणि तिथे घाई करायची नाही. क्रम असा: ओई बंद, एक-दोन मायक्रोसेकंद थांब, ए-बी बदल, लॅच मार, पुन्हा क्षणभर थांब, ओई चालू. मॉसफेट बंद झाला तरी त्या ओळीच्या तांब्यावर आणि एलईडींच्या अंगच्या कपॅसिटन्समध्ये चार्ज उरलेला असतो. तो वाहून जायच्या आत नवा डेटा आला तर आधीच्या ओळीत नव्या अक्षराची फिकी सावली उमटते. अंधारात बघितलं की कळतं. ओळीवर ग्राउंडकडे १ किलोओहमचा रेझिस्टर टाकला की चार्ज लवकर उतरतो. दोन मायक्रोसेकंदांचा विराम १२५ मध्ये दीड टक्का, परवडतो. ७८०० हर्ट्झवर तोच सहा टक्क्यांवर जातो.

आठ मेगाहर्ट्झवर गेलास की वायरिंग बोलायला लागतं. धुळ्यातल्या एका कापड दुकानाचा बोर्ड मी असाच वेगवान करून दिला आणि तिसऱ्या दिवशी मालकाचा फोन: “मोबाईलमा दखा भाऊ, हाऊ बोर्ड नाचस!” व्हिडिओ पाहिला तर शेवटच्या पॅनेलवर ठिपके सैरावैरा. मला वाटलं पॅनेल गेलं, बदललं, तरी तेच. ऑसिलोस्कोप घेऊन गेलो तेव्हा क्लॉकच्या प्रत्येक कडेवर झोके दिसले. एका झोक्याला ५९५ दोन क्लॉक समजत होती. कंट्रोलरपासून पॅनेलपर्यंत मी सुट्या जंपर वायरी टाकल्या होत्या आणि ग्राउंडची एकच. पॅनेलच्या १६ पिनी कनेक्टरमध्ये सिग्नलांच्या मधेमधे ग्राउंड दिलेले असतात ते उगाच नाहीत. पट्टी केबल टाकली, क्लॉकच्या उगमाशी १०० ओहमचा रेझिस्टर लावला, नाच थांबला. क्लॉक कमी करावा लागला नाही.

दुसरी चूक माझी अजून महागात गेली होती. जळगावच्या सराफ बाजारातला सोन्याच्या भावाचा बोर्ड, तोंड पश्चिमेला. दुपारनंतर दिसत नाही म्हणून तक्रार. मी एसएमपीएसचा स्क्रू फिरवून ५.४ व्होल्ट करून दिले. करंट वाढला तेरा टक्के, उष्णता त्याहून जास्त. लाल एलईडी तापला की त्याचा उजेड उतरतो, निळ्या-हिरव्यापेक्षा बराच जास्त, त्यामुळे भरदुपारी हाती काहीच लागलं नाही. पंधरवड्यात उभे पट्टे मरायला लागले, कारण ५९५ जळत होत्या. शेवटी व्होल्टेज खाली आणलं, वर नऊ इंचांचा पत्र्याचा छज्जा काढला आणि पेटीला खाली-वर जाळ्या पाडल्या. बोर्ड आता दुपारी चारलाही वाचता येतो. तुझ्या व्यापाऱ्याला छज्जा आधीच सांगून ठेव.

पैसे असतील तर पुढची पायरी म्हणजे रेझिस्टरऐवजी कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर (ठरलेलाच करंट सोडणारी चिप), एमबीआय५०२४ सारखा. डेटा ५९५ सारखाच सरकवायचा, करंट एका रेझिस्टरने ठरवायचा, आणि चिपला स्वतःसाठी अर्धा-पाऊण व्होल्ट पुरतो. एलईडीचे २, चिपचे ०.६, मॉसफेटचे थोडे, म्हणजे २.८ व्होल्टमध्ये लाल भागतो. कॉमन कॅथोड (एलईडींची ऋण टोकं समाईक असलेल्या) भिंतींमध्ये लालला २.८ आणि हिरव्या-निळ्याला ३.८ असे वेगळे सप्लाय देतात ते याच हिशोबाने. तुझ्या बोर्डासाठी मात्र पॅनेलच नव्याने बनवावं लागेल. प्रोजेक्टच्या वेळेत होणार नाही, नाद सोड.

टीव्ही-मोबाईलचं विचारलंस. तिथे एलईडी पेटवायचा नसतो, लांबच लांब तारेच्या टोकाचा इवलासा कपॅसिटर ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत भरायचा असतो. फुल एचडीत लपवलेल्या धरून ११२५ ओळी, ६० हर्ट्झ, म्हणजे एका ओळीला १४.८ मायक्रोसेकंद. आठ बिटांच्या छटांत अर्ध्या पायरीइतकं अचूक पोचायला साधारण ६.२ टाइम कॉन्स्टंट लागतात (एक टाइम कॉन्स्टंट म्हणजे रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स, आरसी). तारेचा आरसी २ मायक्रोसेकंद असेल तर १२.४ मध्ये काम होतं. १२० हर्ट्झ केलं की हातात उरतात ७.४, आणि गाडी अडते. मग तार दोन्ही टोकांनी भरतात, धातू चांगला वापरतात, किंवा सुरुवातीला मुद्दाम जास्त व्होल्टेजचा धक्का देऊन मग खऱ्या पातळीवर आणतात.

वीज तिथेही त्याच सूत्राने जाते. द्रवस्फटिकाला एकाच दिशेचं व्होल्टेज सोसत नाही, म्हणून दर फ्रेमला धन-ऋण उलटवावं लागतं. प्रत्येक ओळीला उलटवलं तर तार सेकंदाला हजारो वेळा पूर्ण भरायची-रिकामी करायची. एका स्तंभाला फ्रेमभर एकच दिशा ठेवली तर खर्च पुष्कळ उतरतो. आणि उलटवण्याआधी शेजारच्या धन आणि ऋण तारा क्षणभर जोडतात. केळीच्या बागेत दोन वाफ्यांमधला बांध फोडला की पाणी आपोआप सारखं होतं आणि मोटर उरलेल्यापुरतीच चालवावी लागते, तसं. घड्याळांच्या ओएलईडी पॅनेलमध्ये तर गळती कमी असलेले ट्रान्झिस्टर वापरून रिफ्रेशच सेकंदाला एकवर आणतात. २०१९ च्या अॅपल वॉच सीरिज ५ मध्ये ते आलं. हे शिकायचं असेल तर एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये वीस रेझिस्टर-वीस कपॅसिटरची शिडी काढ आणि टोकाचं व्होल्टेज बघत बस. एका रविवारात बरंच कळेल.

तोवर सावद्याचा बोर्ड. सगळं एकदम बदलू नकोस. आधी एकच पॅनेल टेबलावर घे, बक ४ वर ठेव, अँपिअर मीटर मालिकेत, आणि ‘केळी’ लिहून चारवर आणि पाचवर किती घेतंय ते वहीत टिपून ठेव. मग खोलीत अंधार करून शिरोरेषेच्या वर-खाली सावली दिसते का बघ. तिथे दिसली तर मला ओई आणि ए-बी या तीन पिनांचा स्कोपवरचा फोटो पाठव, क्लॉकचा नको.